चुन्याचा मका आणि तुझा फलक

केरेतारो,
9 नोव्हेंबर 2025

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप दिवाळीतच मिळाला होता. फोनवर बोललो असतो तर गिऱ्हाईक आलं म्हणून तू मध्येच ठेवला असतास, तेव्हा बसून लिहितोय. खानावळीच्या फलकावरून झुणका-भाकरी आणि खरडा पुसून तिथं पनीर मसाला आणि मंचुरियन लिहू का, असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर पुढं येईल. आधी मी काय जेवलो ते ऐक.

गेल्या आठवड्यात कामासाठी मेक्सिको सिटीला गेलो होतो. इथून बसने तीनेक तास. ज्यांना आम्ही सुटे भाग पुरवतो, त्यांनी रात्री पोलांको भागातल्या पुहोल नावाच्या ठिकाणी जेवायला नेलं. एन्रिके ओल्वेरा या आचाऱ्याने 2000 साली सुरू केलेलं हे हॉटेल आता जगभर नावाजलेलं आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात हॉटेलांना दर्जाचे तारे देणाऱ्या मिशेलिनवाल्यांनी मेक्सिकोत पहिल्यांदाच तारे वाटले, त्यात याला दोन मिळाले. बिल मी पाहिलं नाही, पण माझ्या अंदाजाने एका माणसाच्या पैशात तुझ्या शंभराच्या वर थाळ्या झाल्या असत्या. दाजींना हे सांगू नकोस.

तिथं एकामागून एक पदार्थ येत राहतात. पंगतच म्हण, फक्त आग्रह करायला कुणी येत नाही. सुरुवातीला एक पोकळ भोपळा आणून ठेवला. झाकण उघडलं तर आतून धूर, आणि काड्यांना टोचलेली करंगळीएवढी मक्याची कणसं. त्यांना लावलेल्या मेयॉनीजमध्ये कॉफी होती आणि चिकाताना नावाच्या मुंग्यांची पूड. पहिल्या पावसात वारुळातून पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात, त्या वाहाका भागातले लोक पहाटे गोळा करून भाजून ठेवतात. तोंड वाकडं करू नकोस. आपल्या गडचिरोलीत माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतातच की. चव भाजक्या शेंगदाण्याच्या जवळची. मला आवडली, पण पुन्हा मागावी इतकी नाही.

प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन. पेल्यात जेमतेम दोन-तीन घोट, तेव्हा बाबांना काळजी नको. वाइन ओतायला आलेली मुलगी छान समजावून सांगत होती. तिखटाबरोबर कडक दारू घेतली तर तिखट आणखी भडकतं, म्हणून तिखट पदार्थाला हलकी, किंचित गोडसर पांढरी वाइन. बहुतेक वाइन मेक्सिकोच्याच, एन्सेनादाजवळच्या ग्वादालुपे खोऱ्यातल्या. तासगावच्या बेदाण्याचं सांगायला गेलो, पण बेदाण्यांचं शेड कसं असतं ते माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये काही जमेना. इथली सगळ्यात जुनी वाइनवाली कासा मादेरो, पार्रास गावातली, 1597 पासूनची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तेहतीस वर्षं! मला उगाचच वाटत होतं की वाइन फक्त फ्रान्स-इटलीची.

आता खरी गोष्ट. जेवणाच्या मध्यावर पांढरी ताटली आली. तिच्यावर बाहेरून जवळजवळ काळ्या रंगाचं वर्तुळ आणि मधोमध तांबूस गोळा. संपलं. ना मटण, ना मासा, ना भाजी. हा मोले. सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले, असं सगळं वेगवेगळं भाजून वाटलेलं दाट वाटण. मधला मोले ताजा. बाहेरचा 'मोले माद्रे', म्हणजे आई-मोले. तो रोज गरम करतात आणि त्यात नव्याची भर घालत राहतात. हजाराहून कितीतरी जास्त दिवस हे असं चाललंय. विरजणाची कवडी आजी शेजारून आणायची नाही, आपलीच राखायची, तसं. आधी नवा चाखला, मिरची आणि आंबटपणा वेगळे कळले. मग जुना. त्यात काहीच वेगळं काढता येईना. तुझी कांदा-लसूण चटणी डंकावरून आल्या दिवशी कशी लागते आणि दिवाळीनंतर कशी, तेवढा फरक. मोलेला तिखटापेक्षा भाजल्याचा कडसरपणा जास्त, म्हणून त्याच्याबरोबर तुरट लाल नेबिओलो दिली. वाइनचं पहिल्यांदा पटलं ते तिथं.

हे पुसून खायला गरम तोर्तिया, म्हणजे इथली मक्याची पोळी. तिच्यात ओहा सांताचं अख्खं पान दाबून भाजलेलं, बडीशेपेच्या वासाचं. हे पान विड्याच्या पानाच्या कुळातलं आहे. आणि तोर्तियाला चुनाही लागतो, पानाला लावतात तोच! मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर ठेवतात, सालं चोळून धुतात आणि ओलाच दळतात. त्याने पीठ बांधलं जातं. तुझी मक्याची भाकरी थापताना कडेला चिरते, कारण आपण मका नुसता कोरडा दळतो. मका युरोपात गेला, पण ही युक्ती मागेच राहिली. तिकडे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा आजार व्हायचा, कारण चुन्याशिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. करून बघ: एक किलो सुक्या दाण्यांना दहा ग्रॅम खायचा चुना. नंतर खूप धू, नाहीतर कडू होईल.

शेवटी चुरोस आले. गोड, तळलेले, ठीक.

दुसऱ्या दिवशी दुपारी सान राफाएल भागात एल कालिफा दे लेओनला गेलो. 1968 पासूनचं टाकोचं, म्हणजे तोर्तियात मांस घालून देणारं दुकान, आपल्या स्वयंपाकघरापेक्षा लहान, बसायला जागा नाही. त्याच मे महिन्यात यालाही एक तारा मिळाला. पदार्थ चारच. तीन गोमांसाचे, म्हणून मी डुकराच्या चापेचा घेतला. मीठ, लिंबू, तापलेला तवा आणि समोर थापलेली तोर्तिया. तारा मिळाल्यावर रांग वाढली, पाचवा पदार्थ काही वाढला नाही. रस्त्यावर उभ्याने खाताना मला राहून राहून तुझा फलक आठवत होता.

झुणका पुसू नकोस ताई. मंचुरियन लावायचंच असेल तर खाली, बारीक अक्षरात लाव. खरड्याच्या वाटीचे मात्र पाच रुपये घ्यायला लाग. फुकट देतेस म्हणून लोक अर्धा टाकतात, हे मी गणपतीत आलो तेव्हा बघितलंय.

आणि चटणी संपली. चाकणहून आमचा एकजण जानेवारीत येणार आहे, त्याच्याजवळ किलोभर दे. दोन पिशव्यांत घाल, मागच्या वेळी माझे शर्ट लाल झाले होते.

आई-बाबांना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझा,
बंड्या