गुरुवारी नको, रविवारी या

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की आईचा आवाज कापरा होतो, मग माझाही. म्हणून लिहितेय. गुरुवारी माझी बलून सेप्टोस्टॉमी ठरलीय, म्हणजे हृदयाच्या आतल्या पडद्याला फुग्यानं छोटं भोक पाडायचं. संमतीच्या कागदावर मी सोमवारीच सही केली. तुम्हाला न विचारता केली, त्यासाठी हवं तर रागवा, पण आधी सगळं वाचा.

आई, लोक हृदयाचं भोक बुजवायला धावतात आणि माझ्या हृदयाला मुद्दाम भोक पाडणार म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा येणार, माहीत आहे. पण माझं दुखणं वेगळं. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आकसल्यात. तिथला सरासरी दाब 20 च्या आत हवा, माझा 64 आहे. त्याविरुद्ध रक्त ढकलून हृदयाची उजवी बाजू थकलीय. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छोटी वाट केली की थोडं रक्त डावीकडे जाईल, उजवीकडचा भार उतरेल. गणपतीत जिन्यात झालं तसं भोवळ येऊन पडणं यानं बऱ्याच जणांचं कमी होतं. मला तेवढंच हवंय.

आजार जाणार नाही. गोळ्या चालूच राहतील. ते रक्त फुफ्फुसात न जाताच पुढे जाणार, म्हणून ऑक्सिजन उतरेल, आत्ता 94 आहे तो 85 च्या आसपास. बाबा, माझी नखं निळसर दिसली तर घाबरू नका. भोक कधी आपोआप बुजतं, मग परत करावं लागतं. जोखीम आहेच, पण उजव्या वरच्या कप्प्यातला दाब 20 च्या पुढे गेला की ती फार वाढते. माझा आज 13 आहे. म्हणून आत्ताच. फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवलंय, तोवर तग धरायचाय.

मांडीच्या शिरेतून तार नेतात. फुगा आधी 4 मिलिमीटरचा, मग 8 चा, दर वेळी ऑक्सिजन बघत बघत. घाई करत नाहीत.

गुरुवारी तुम्ही यायचं नाही. दादा-वहिनी आहेत. तुम्ही नकोत म्हणून नव्हे गं आई, तुम्हाला काचेबाहेर बाकावर बसलेलं बघून माझाच धीर सुटेल. रविवारी दादा गाडी घेऊन येईल, एसटीचा हट्ट नको. बाबांची खुर्ची गॅलरीत ठेवलीय, दूध अर्धा लिटर वाढवलंय, संडासात आईसाठी धरायला दांडी बसवून घेतलीय.

बाबा, बीपीची गोळी उपाशी दिवशीही घ्यायची. आई, लोणचं-पापड आणू नकोस, मला मीठ वर्ज्य आहे.

काशाची वाटी मात्र आणा. ताप आला की बाबा तळपायाला तूप चोळायचे ना, तीच. फडताळात खालच्या कप्प्यात, परातीमागे आहे. तूप इथे आहे.

तुमची,
छकुली