क्लच लिंकेजच्या आवाजासाठी विनाकारण फोडलेला ट्रॅक्टर : तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीच्या निदानामुळे आकारलेली मजुरी परत मिळणे व लिंकेजचे (पेडल ते क्लच या जोडणीचे) सुटे भाग उपलब्ध होणेबाबत

महोदय,

द्राक्षबागेत चालणाऱ्या आमच्या जुन्या मिनी ट्रॅक्टरचे क्लच पेडल दाबताना करकर आवाज येतो आणि इंजिन स्लो असताना पेडलखाली खडखड होते. आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने 'रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) खराब' असे जॉब कार्डवर लिहून ट्रॅक्टर मधून फोडला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग नवीन टाकले. दोन्ही आवाज आजही जसेच्या तसे आहेत.

इंजिन बंद असतानाही करकर होते, हे ट्रॅक्टर देतानाच सांगितले होते. इंजिन बंद असताना बेअरिंग फिरतच नाही. ते खराब असेल तर इंजिन चालू ठेवून पेडलवर हलका पाय टेकवला की घरघर सुरू होते आणि पाय काढला की थांबते. उलट पेडल सोडल्यावर आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा लागतो. इथे यातले काहीच नव्हते. बेअरिंगचा स्लीव्ह कोरडा असला तर इंजिन बंद असतानाही करकरतो, हे मान्य. पण तेवढे तपासायला ट्रॅक्टर फोडावा लागत नाही. स्प्लिट पिन काढून क्लच रॉड पेडलपासून सोडवायचा आणि नुसते पेडल हाताने खाली-वर करायचे. आमच्या ट्रॅक्टरवर रॉड सुटा असतानाही करकर तशीच येते. म्हणजे दोष पेडल शाफ्टच्या बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत) आहे. पेडल आडवे हलवले तर शाफ्ट बुशमध्ये डुलताना डोळ्यांना दिसतो. खडखड आहे ती रॉडच्या टोकाच्या क्लेव्हिसची (पिनेने पेडलला जोडणाऱ्या दुबेळक्याची) : त्याचे भोक झिजून लांबट झाले आहे, पिनेला कमरेत खाच पडली आहे आणि रिटर्न स्प्रिंग ढिली आहे. पेडलवर बोट ठेवले की ढिलाई भरून निघते आणि खडखड बंद होते.

ही झीज बागेत होणारच. ओळीच्या प्रत्येक टोकाला क्लच दाबावा लागतो आणि फवारणीच्या ब्लोअरचे पाणी थेट पेडलखाली येते. त्यात बोर्डो मिश्रणातले मोरचूद लोखंडाला खाते. ग्रीस निपल पायदानाच्या आत असल्याने ग्रीसगनचे तोंड तिथे नीट बसत नाही. हा दोष रचनेचाच आहे.

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. मॅन्युअलप्रमाणे पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची पेडलची मोकळी चाल) 20 ते 25 मि.मी. हवा. सर्व्हिस सेंटरने तो झिजलेल्या पिनेसकट मोजून रॉडच्या नटावर जुळवला. त्या मापातला निम्मा भाग लिंकेजच्या ढिलाईचा आहे, त्यामुळे बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या फिंगर (बेअरिंग ज्यांना दाबते त्या पट्ट्या) यांच्यातले खरे अंतर कमी पडते. प्लेट झिजत जाईल तशी फिंगर बेअरिंगकडे सरकतील आणि नवे बेअरिंग सतत घासत राहील. आधी पिन आणि बुश बदलायचे, मगच फ्री प्ले लावायचा, हा क्रम मेकॅनिकला ठाऊक असायलाच हवा.

ट्रॅक्टर फोडण्या-जोडण्याची पूर्ण मजुरी परत करावी. काढलेले जुने भाग आम्हाला दिलेले नाहीत, ते द्यावेत. प्लेटच्या रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पातळीला आली नसतील, तर नव्या प्लेटची किंमतही परत हवी. बुश, क्लेव्हिस, पिन आणि स्प्रिंग सुटे द्यावेत. सध्या काउंटरवर 'पूर्ण पेडल असेंब्लीच घ्या' असे सांगतात, जुन्या मॉडेलच्या शेतकऱ्याला ते परवडत नाही.

गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) फवारणी एक दिवसही थांबवता येत नाही, त्यामुळे काम त्याआधी व्हावे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत : जॉब कार्ड व बिलाची प्रत, क्लेव्हिस आणि पिनेचे फोटो, रॉड सुटा असतानाच्या आवाजाचा व्हिडिओ.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार ग्राहक,
ता. निफाड, जि. नाशिक