दोन बोटं मानेवर टेकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आम्हा मेडिकलच्या मुलांचं तुमच्या वॉर्डातलं शिकायचं पोस्टिंग संपलं त्या दिवशी तोंडावर आभार मानायचा धीर झाला नाही, म्हणून हे उघड पत्र.

हृदयाचे आवाज शिकवणारे याआधीही भेटले होते. फळ्यावर दाबाचे आलेख काढायचे, ‘लब म्हणजे एस-वन, पहिला आवाज; डब म्हणजे एस-टू, दुसरा’ म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. यातला लब कोणता आणि डब कोणता, असं कुणी विचारलंच तर ‘एवढंही कळत नाही?’ हे उत्तर, तेही पेशंटसमोर. मग सगळ्यांनी कानात स्टेथो घालून नुसत्या माना डोलवायच्या.

तुम्ही आधी पंखा बंद करायला सांगितलात. नाशिकच्या द्वारका चौकाकडचे हॉर्न आत येत होते, म्हणून खिडकी लावून घेतलीत. डायफ्रॅम, म्हणजे स्टेथोची पडद्याची चपटी बाजू, तळहातात धरून कोमट केलात. आणि मग आमच्यातल्या सगळ्यात घाबरलेल्या मुलीची दोन बोटं धरून खाटेवरच्या पेशंटच्या, त्या निफाडच्या ताईंच्या मानेवर, श्वासनलिकेच्या शेजारी, हलकेच टेकवलीत. म्हणालात, “बोटाला ठोका लागतो ना, त्याच्या जोडीला येतो तो एस-वन. बाकी सगळं विसर.”

मॅडम, त्या दोन बोटांनी फळ्यावरचा आलेख जिवंत झाला. जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, आकुंचन पावायला लागल्या की वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतात, तो एस-वन. क्षणभर चारही झडपा बंद. मग महाधमनीची झडप उघडते, साधारण ७० मिली रक्त बाहेर पडतं आणि मानेत ठोका लागतो. मनगटाची नाडी यासाठी कामाची नाही, ती उशिरा पोचते आणि फसवते. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक चक्र ०.८ सेकंदाचं: सुमारे ०.३ सिस्टोलचे (आकुंचनाचे), ०.५ डायास्टोलचे (शिथिल होण्याचे). तेव्हा छोटी फट आणि मोठी फट कानालाही ओळखू येते. पण ठोके १४० वर गेले की आक्रसतो तो मुख्यतः डायास्टोल, दोन्ही फटी सारख्याच वाटायला लागतात आणि भलेभले चुकतात. तिथे बोटंच तारतात.

एकदा एस-वन पक्का झाला की मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा सूंऽसूं आवाज, आपोआप जागेवर बसतो. ठोक्याबरोबर चढून उतरणारा, मानेकडे जाणारा असेल तर महाधमनीची झडप अरुंद झाल्याची शंका घ्यायची. एस-टूपर्यंत एकसारखा राहून काखेकडे जाणारा असेल तर मायट्रल गळतीची.

ताईंचा आजार मात्र डायास्टोलमधला होता, संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप. तुम्ही त्यांना डाव्या कुशीवर वळवलंत आणि ॲपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकापाशी, बेल (स्टेथोची वाटीसारखी बाजू) नुसती टेकवायला लावलीत. एस-टूच्या मागोमाग टचकन एक आवाज, आणि मग लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी घरघर. बेल दाबली की खालची कातडी ताणली जाते, तिचाच डायफ्रॅम होतो आणि नेमका हा खालच्या पट्टीतला आवाज गायब होतो. सगळे बेल दाबत होते, आणि इतक्या राउंडांत ते कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं!

तपासून झाल्यावर ताईंचा पदर तुम्ही स्वतः सारखा केलात. “मुलांना शिकू दिलंत, फार उपकार झाले,” असं त्यांना म्हणालात. ताई किती हसल्या! अशी साधी माणुसकी वॉर्डात रोज दिसायला हवी. ती दिसत नव्हती, म्हणून तर त्या दिवशी आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता दुसऱ्या वॉर्डातही ऐकायच्या आधी पंखा बंद होतो आणि दोन बोटं मानेवर जातात. परवा वॉर्डबॉय मामांनी न सांगताच खिडकी लावली आणि म्हणाले, “मॅडमच्या हाताखालची दिसता.”

आपली कृतज्ञ,
पोस्टिंगवरची मुलं, नाशिक