साहेबांनी गोळी घेतली का?

चि. गुड्डी,
अनेक आशीर्वाद.

पिंटूने सगळं सांगितलं. त्याच्यावर चिडू नको, मीच खोदून खोदून विचारलं. हल्ली फोनवर 'बाबा' म्हणायच्या आधी तू जराशी थबकतेस. आईच्या नाही लक्षात आलं, माझ्या आलं.

तर मीटिंग संपता संपता तू साहेबांना म्हणालीस, "चला बाबा, ठेवते. बीपीची गोळी घ्या, अन् कूलरमधलं पाणी पाहून घ्या." अन् अख्खी टीम ऐकत होती! मी एवढा हसलो की आई झारा हातात घेऊनच बाहेर आली. तिचा पहिला प्रश्न, "मग घेतली का त्यांनी?" साहेब पस्तिशीचे आहेत म्हणे. या वयात कोणी एवढ्या मायेने गोळीची आठवण केली, बिचाऱ्याचं भाग्यच म्हणायचं.

पण तेव्हापासून तू डबा जागेवरच खातेस, कँटीनला जात नाहीस, असं पिंटू म्हणून राहिला. खरं आहे का?

हे बघ, लोक हसतात ते दोन दिवस. आपण त्यांच्या आधी हसून मोकळं व्हावं, म्हणजे त्यांच्या हातात काही उरत नाही. माणसाने स्वतःकडे जरा लांबून पाहायला शिकावं, मन मोठं ठेवावं... जाऊ दे. वाचून पाहिलं तर स्नेहसंमेलनाचे अध्यक्ष बोलून राहिल्यासारखं वाटलं. माफ कर. बँकेतून रिटायर झालो तरी सर्क्युलर काढायची सवय काही जात नाही.

त्यापेक्षा आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीचं आठवतं का ते सांग. काळ्या मारबतीचा पुतळा १८८१ पासून निघतो, पिवळीचा १८८५ पासून. तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना सांग, वर्षभर ज्याचा ताप झाला त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून आम्ही त्याची वाजतगाजत मिरवणूक काढतो अन् शेवटी जाळून टाकतो. त्या वर्षी आपण इतवारीत उभे होतो. तान्ह्या पोळ्याचा तुझा लाकडी बैल माझ्या काखेत, तू खांद्यावर. एक बडग्या भाववाढीचा, एक खड्ड्यांचा. लोक ओरडून राहिले होते, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" अन् वरून तुझा खणखणीत आवाज, "गणिताच्या बाईंना घेऊन जा गे मारबत!" बाई दोनच हात लांब उभ्या, हातात भज्यांचा पुडा. मला तर खाली मान घालून पळायचीही सोय नव्हती, वर तू बसलेली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई म्हणाल्या, "मारबत गेली, मी राहिले. वही काढ." वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने तू हसलीस, अन् घरी येऊन नंदामावशीसमोर बाईंची नक्कल करून दाखवलीस. ती पोट्टी हिंजवडीला पोचायच्या आधी कुठल्या स्टेशनवर उतरून गेली?

माझं तर तुला माहीतच आहे. बर्डीवरून दुसऱ्याचीच पांढरी गाडी घेऊन घरी आलो होतो. आपली किल्ली लागली, माझा काय दोष? डिक्कीतून दूध पावडरचा डबा अन् झबलं निघालं, तेव्हा आईने माझ्याकडे जे पाहिलं! परत द्यायला गेलो तर तो माणूस आपल्या गाडीवर बसून, आपल्याच डिक्कीतले फुटाणे खात माझी वाट पाहून राहिला होता. आता दिवाळीला त्याचा फोन येतो.

खरं सांगू, हसून झाल्यावर रात्री झोप लागली नाही. ते वाक्य तुझ्या जिभेवर इतकं बसलं म्हणजे तू दिवसभर तिथे माझीच काळजी करत असतेस का? मार्चमधल्या त्या रात्रीनंतर आई तुला काय काय सांगते मला माहीत नाही. मी ठीक आहे. नवतपा सुरू आहे, पारा ४५ च्या पुढे, पण मी दुपारी बाहेर पडत नाही. गोळी घेतो. कूलरमध्ये पाणी आहे, नवीन वाळा बसवला. तू तिथे एवढ्या लोकांचं काम सांभाळतेस, मी कॉलनीत सगळ्यांना सांगत फिरतो (आईला आवडत नाही). तेवढं काम कर अन् वेळेवर जेव. चार माणसांत बसून जेव. हे मी मघाशी म्हटलं का? म्हटलं असेन.

रविवारी मधले काका अजनीहून पुण्याला निघतात. त्यांच्यासोबत संत्राबर्फी पाठवून राहिलो, दोन किलो. आई म्हणाली एवढी कशाला, मी ऐकलं नाही. फ्रिजमध्ये ठेवली तरी आठवड्याच्या आत संपवावी लागते, अन् एकटीने ती संपणार नाही.

तुझा,
बाबा