गाठ काढली, पण तपासायला पाठवलीच नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात तोंडाच्या, स्तनाच्या कॅन्सरवर नेहमी येतं, यायलाच पाहिजे, पण सार्कोमावर काही वाचल्याचं आठवत नाही म्हणून लिहितोय. चरबी, स्नायू, नसा यांच्यात होणारा हा कॅन्सर, मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरमध्ये एखादाच, आणि त्याचेही 50 च्या वर प्रकार, त्यामुळं तो लवकर कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आमच्या दादाच्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती, सगळे म्हणाले आवाळू असेल, सोयाबीन निघू दे मग बघू, आणि तोवर लिंबाएवढी होती ती मोसंबीएवढी झाली. मग एका दवाखान्यात चरबीची गाठ म्हणून काढून टाकली. ना एमआरआय, ना सुईनं तुकडा काढून तपासायची बायोप्सी, आणि काढलेली गाठ डबीत घालून लॅबला द्यायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं, त्यांनीही दिली नाही. सात महिन्यांत त्याच जागी परत आली. तेव्हा संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात गेलो आणि कळलं की पहिलं ऑपरेशन नीट होणं किती महत्त्वाचं असतं, अर्धवट काढलेली गाठ मागं पेशी सोडते आणि मग दुसऱ्यांदा कितीतरी जास्त मांस काढावं लागतं.

घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, किती दिवस? पुतण्यानं मोबाईलवर अमेरिकेतले आकडे काढले, एका जागी असला तर पाच वर्षांनी शंभरातले साधारण 80 जिवंत, लांब पसरला असला तर 15 च्या आसपास, आणि वहिनी दोन दिवस जेवली नाही. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा जिवात जीव आला. ते म्हणाले हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे, तुमच्या माणसाचं त्याच्या गाठीवरून ठरतं, ग्रेड कोणती म्हणजे पेशी किती झपाट्यानं वाढतायत, गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी का, वरवर आहे का स्नायूत खोल, हातापायात आहे का पोटात मागच्या बाजूला, आणि काढताना कडा साफ आल्या का, म्हणजे काढलेल्या मांसाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत ना. दादाची ग्रेड मधली निघाली, कडा साफ आल्या.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणून बायोप्सी टाळणारे आमच्याकडं घरोघरी आहेत, पाय कापतील या भीतीनं घरी बसणारेही आहेत. अहो, 1982 सालीच अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की पाय वाचवून ऑपरेशन केलं आणि रेडिएशन दिलं तरी माणूस पाय कापलेल्याइतकाच जगतो. दादाचा पाय आहे, तो शेतात जातो.

साहेब, एवढंच ठळक छापा की लिंबापेक्षा मोठी, वाढणारी किंवा खोल गाठ असली तर आधी एमआरआय आणि सुईची बायोप्सी, मगच ऑपरेशन, आणि कुठलीही गाठ काढली की लॅबचा रिपोर्ट मागून घ्या.

हा पसरला तर बहुतेक फुफ्फुसातच जातो म्हणून दादाचा दर तीन महिन्यांनी छातीचा सीटी असतो. पुढचा पोळ्यानंतर आहे.

आपला एक वाचक,
ता. जिंतूर, जि. परभणी