काळीकडून खेळणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी रात्री दोन अनोळखी माणसं फोनवर आपला 'जोरा'चा डाव, आपण दोघांनी रचलेलं नव्या नियमाचं बुद्धिबळ, खेळली. मी नुसती बघत होते. एकजण पुण्याचा होता, दुसरा कुठला ते कळलं नाही. नियम त्यांनी एकदाच वाचले. मला काही विचारलं नाही आणि डाव मध्ये टाकून कोणी उठलंही नाही. चाळीसएक खेळ्यांनंतर काळीने पांढरीवर मात केली, तीही प्याद्याने. आमचे आजोबा प्यादेमात झाली की पटावरचा हात बराच वेळ उचलायचे नाहीत, ते आठवलं. शिलाई मशीनवर डोकं टेकून मी रडले. पोरगा उठून आला आणि विचारायला लागला, आई, काय झालं? त्याला काही सांगता येईना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.

तुम्हाला वेगळं लिहिलं असतं तर नेहमीसारखं 'बिडु तंगी', जाऊ दे बहिणी, म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. अण्णा हाक कन्नडातही चालते आणि मराठीतही, तेवढी पुरे.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझं माहेर खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या अंगाला. पावसाळ्यात तिथे चार-चार दिवस बाहेर पडता येत नाही. त्या दिवसांत आजोबा सोप्यावर पट मांडायचे. एकरंगी मांजरपाटावर काळ्या दोऱ्याने रेघा मारलेला तो पट. पांढरी-काळी घरं नव्हतीच, उंट कुठल्या तिरक्या वाटेवर आहे ते डोक्यात धरायचं. नियम देशी. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालणार. किल्लेकोट, म्हणजे एकाच खेळीत राजा आणि हत्ती दोघांना हलवणं, नाही. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी, आणि तीही त्याआधी शह बसला नसेल तरच. प्यादं पलीकडे ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा व्हायचा, वाटेल तो वजीर मागता यायचा नाही. समोरच्याचा राजा एकटाच उरला की बुर्जी, मग जिंकणाराही अर्धाच जिंकला. पंजाबचे सुलतान खान अशाच देशी नियमांवर वाढले आणि १९२९ साली विलायतेत जाऊन तिथलं अजिंक्यपद घेतलं, पुन्हा १९३२ आणि १९३३ सालीही. हे आजोबांना माहीत नव्हतं. सुलतान खानांना मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ साली. मला ते तुमच्याकडून कळलं, आणि आजोबांना सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

लग्न होऊन मी बेळगावात वडगावला आले. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, रात्री दहापर्यंत मशीन. फोनवर बुद्धिबळ पोराने शिकवलं आणि त्यातूनच कळलं की जगात लोक किती तऱ्हांनी खेळतात. मारलेला मोहरा आपला करून पुन्हा पटावर उतरवायचा एक खेळ, मोहरा मारला की आजूबाजूचेही उडतात असा एक, आपले सगळे मोहरे आधी मारून घेईल तो जिंकला असाही एक. बॉबी फिशरने १९९६ साली मागची रांग विस्कटून मांडायचा प्रकार आणला, त्यात ९६० मांडण्या. मला वाटलं, एवढ्या तऱ्हा चालतात तर आमच्या सोप्यावरची का नाही? आणि आजोबांच्या एका शब्दावरून मी एक नियम केला. मोहऱ्याला आपल्या मोहऱ्याचा पाठिंबा असला की ते म्हणायचे, 'त्याला जोर आहे.' माझा नियम असा होता: ज्याला जोर आहे, त्याला मारता येणार नाही.

हा नियम घेऊन मी आधी कुठे कुठे गेले ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहिते, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही. पोराला शिकवणीला सोडायला जायचे तिथल्या सरांना आजोबांचे नियम सांगितले. त्यांनी मुलांसमोरच सांगितलं की हे अडाणी लोकांचं बुद्धिबळ, पोराच्या डोक्यात घालू नका. पोरगा घरी येताना माझ्याशी बोलला नाही. मग फोनवर, जिथे असे नवे डाव रचणारे लोक भेटतात, तिथे मांडून बघितलं. त्यांची भाषा मला कळेना. त्यांच्यात वजीर म्हणजे सरळ एकच घर चालणारा मोहरा. कॅमल उभा-आडवा तीन घरं जाऊन एक घर वळतो, घोड्याहून लांब उडी मारतो. एलिफंट म्हणजे तिरपं दोन घरं उडणारा जुना मोहरा, त्याला सगळ्या पटावर आठच घरं गाठता येतात. मी लिहिलं, 'उंटाला हत्तीचा जोर'. फोनने त्याचं भाषांतर केलं आणि त्यांना वाटलं मी तिसरंच काही सांगते आहे. दोघे हसले. एकाने दोन डाव खेळून लिहिलं की पांढरी जिंकते, पुढचं काही असेल तर दाखवा. आणखी एकजण माझी खेळी यायची वाट न बघता डाव अर्धा टाकून गेला, तो परत आलाच नाही. या लोकांचा मला राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आहे. दोन ओळी जास्त लिहायला त्यांचं काय जाणार होतं?

तुम्ही आलात ते मोडक्या मराठीत लिहीत. पहिलं वाक्य मी अजून जपून ठेवलंय: 'तुमचा उंट म्हणजे आमचा ओंटे ना? तिरपा जातो ना? मग ठीक.' एवढ्यानेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. तुमचा आने सरळ जातो, माझा हत्तीही सरळ जातो. तुमचा कुदुरे आणि माझा घोडा एकच. आपल्या भागात एका पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून काय काय झालंय ते तुम्हालाही ठाऊक, मलाही. तुम्ही मात्र डाव लिहून ठेवताना माझेच शब्द वापरलेत, प्यादं, वजीर, जिच. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, 'डाव तुझा, नावं तुझी.'

जोर कुणाचाही चालेल हा पहिला नियम दोन रात्रींत मोडला. सगळ्यांना सगळ्यांचा जोर, कुणी कुणाला मारू शकेना, पट गच्च झाला. तुम्ही म्हणालात जोर फक्त प्याद्याचा धरू या. मला ते फार आवडलं. वजीर मागे उभा असून उपयोग नाही आणि एक प्यादं असलं तर कुणाची बिशाद नाही! मी पाठवून टाकलं, झालं, जमलं.

आणि मग ती रात्र. तुमच्याकडे पांढरी होती. तुम्ही घोडा पाचव्या ओळीत, बरोबर मध्ये आणून बसवलात, त्याला प्याद्याचा जोर, त्या प्याद्याला मागच्या प्याद्याचा जोर. त्या घोड्याला मारता येईना, त्याच्या प्याद्यालाही मारता येईना. माझ्याकडेही तेच करायला वाट होती, पण मी एक खेळी मागे होते आणि ती एक खेळी शेवटपर्यंत भरून निघाली नाही. मला कळलं की तो माणूस खरं बोलला होता. पहिली खेळी ज्याची, डाव त्याचा. अशा खेळात अर्थ उरत नाही. सगळे मारून घ्यायच्या त्या उलट्या बुद्धिबळाचं तसंच झालंय, २०१६ साली मार्क वॉटकिन्स यांनी संगणकावर सिद्ध केलं की राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं की पांढरी जिंकतेच. पण ते सिद्ध करायला मोठं गणित लागलं, माझा तर दोन रात्रींतच उघडा पडला. मी लिहिलं, 'अण्णा, सोडा. तुमचा वेळ घेतला.'

तुमचं उत्तर यायला पाच मिनिटं लागली असतील. मी मशीनवर झाकण घालत होते. फोन वाजला.

'पट फिरव. काळी मी घेतो. तिकडनं काय दिसतंय नोडोण.' नोडोण, म्हणजे बघू या.

अण्णा, हे पत्र या ओळीसाठी आहे. जिंकत असलेला डाव तुम्ही सोडलात, आणि जी बाजू हरते हे आपल्या दोघांनाही कळलं होतं ती मागून घेतलीत. अकरा रात्री. चौदा डाव. त्यातले बारा तुम्ही हरलात, दोन बरोबरीत सुटले. मी तुमच्यापेक्षा चांगली खेळत नाही, हे त्या डावांकडे बघून कुणालाही कळेल. रोज साडेदहाला तुम्ही यायचात, काळी मांडायचात, हरायचात, आणि शेवटी लिहायचात 'नाळे', उद्या. सहाव्या का सातव्या रात्री वीज गेली, फोनही बंद पडला. दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही साडेबारापर्यंत माझ्या खेळीसाठी थांबला होता. त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. शिकवणीतल्या सरांकडे माझ्यासाठी दोन मिनिटं नव्हती, हे मला तेव्हा फार लागलं.

त्याच रात्रींत कधीतरी तुम्ही म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वोडेयरांचं सांगितलंत. राजाने स्वतः बसून गंजिफाचे, म्हणजे जुन्या पत्त्यांचे, नवे खेळ रचले, पटावरचे रचले, घोडा चौसष्ट घरांतून एकेकदाच फिरवायची कोडी मांडली. आणि त्याच्याही किती आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लास ग्रंथात बुद्धिबळाचं प्रकरण आहे. तुम्ही लिहिलंत, 'तंगी, नवीन डाव रचणं आपल्या मुलखात वेडेपणा नव्हता कधी.' त्या सरांना द्यायला उत्तर म्हणून नाही, पण पोराला मी हे वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने आजोबांचा पट ट्रंकेतून काढून आणला. चौदावा डाव मी त्या पटावर मांडून खेळले, एक डोळा फोनवर.

त्याच डावात सापडलं. तुम्ही नुसतं लिहिलंत: 'घोड्याला धरू नको. त्याला जोर देणाऱ्याला धर.' प्यादं जोर देईल, पण प्याद्याला स्वतःला जोर लागणार नाही, ते कधीही मारता येईल. एवढा एकच बदल. पांढरीचा तो घोडा पाचव्या ओळीत बसला, काळीच्या प्याद्याने त्याचं प्यादं मारलं, आणि घोडा उघडा पडला. मी अंथरुणावर उठून बसले. वरून बघून हे दिसलं नसतं. बारा वेळा त्याच घोड्याखाली चेंगरून घेतलं म्हणून तुम्हाला दिसलं.

माणसं चांगली असतात म्हणजे काय ते मी पुष्कळ वेळा नुसतं बोलत आले. आमच्याकडे शेवटची बस लांबून पळत येणाऱ्या बाईसाठी थांबवणारा एक ड्रायव्हर होता. शिव्या खायचा आतल्यांच्या, पण थांबायचा. आजोबा समोरचा विचार करत बसला की पान जुळवायला घ्यायचे, घाई कर म्हणायचे नाहीत, पाऊस ओसरला तरी. ही माणसं मला कुठल्याच भाषेची, कुठल्याच जातीची म्हणून आठवत नाहीत, थांबलेली म्हणून आठवतात. तुम्हीही आता त्यांच्यात आहात.

तुम्ही सौंदत्तीकडचे. यल्लम्माला आमच्या घरचे दरवर्षी येतात, आजी होती तेव्हा तर चालत यायची. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते आणि तुमच्या धरणात जाते, हे शाळेत भूगोलात शिकले होते. यंदा पौर्णिमेला आले तर कुंदा घेऊन येते. पत्ता देऊ नका, देवळाच्या पायऱ्यांशी उभे राहा.

आता एक अडलंय. रविवारच्या डावात पांढरीचं एक प्यादं पलीकडे पोचून हत्ती झालं. त्यावेळी त्याच्या तिरक्या घरात त्यांचाच उंट होता. प्यादं असताना त्याचा जोर उंटाला नव्हताच, पुढे सरकताना तो बदलत जातो हे ठीक. पण हत्ती झालेलं प्यादं पुढे कुणाच्या पाठीशी उभं राहिलं तर जोर धरायचा का? मला वाटतं धरू नये, हत्ती झाला की तो हत्तीच. पोराचं म्हणणं धरावा, कारण ते मुळात प्यादंच. दोन्ही करून बघायला लागेल.

आज साडेदहाला मांडते. काळी मी घेते.