एवढे गोल कुणावर मारले?

बंगळूर, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आपल्या भारतीय फुटबॉल संघाचा सुनील छेत्री मोठा खेळाडू की नाही, हे भांडण फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून पत्र लिहितोय. बाबा, तुम्ही कानातलं मशीन काढून ठेवता आणि वर आईला सांगता, पोरगं ओरडतंय. कागदावर तरी माझं शेवटपर्यंत ऐकाल.

"छेत्रीनं गोल मारले कुणावर? नेपाळ, मालदीव!" एवढं म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. आधी तुमचं खरं आहे ते कबूल करतो. २०२३ मध्ये इथं बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर पाकिस्तानला ४-० हरवलं, तेव्हा मी पावसात भिजत बसलो होतो. त्यानं हॅटट्रिक केली, पण त्यातले दोन पेनल्टी आणि एक गोलकीपरनं आयता दिलेला. तुम्ही शेजारी असतात तर म्हणाला असतात, "हे तर आपल्या तालमीच्या टीममधलं पोरगंपण मारंल."

पण त्याच मैदानावर जून २०१७ मध्ये किर्गिझस्तानविरुद्धचा गोल मी पाहिलाय. मैदानाच्या मध्याजवळ त्याला बॉल मिळाला. एकेकाला चुकवत तो पुढं आला, जोडीदार जेजेकडे बॉल दिला आणि थांबला नाही, पळतच राहिला. जेजेनं डोक्यांवरून उचलून परत दिला आणि यानं तो जमिनीवर पडूच दिला नाही, हवेतच हाणला. सामना १-० जिंकलो. बॉल दिल्यावर उभं राहायचं नसतं, हे मला कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायरीवर कुणी शिकवलं?

मोठ्या नावांचंच हवं असेल तर २०११ चा आशिया चषक घ्या. दोह्यात आपण तिन्ही सामने हरलो, ऑस्ट्रेलियाकडून चार गोल खाल्ले. पण बहारीन आणि दक्षिण कोरिया, दोघांवर छेत्रीचा गोल आहे. मुळात त्या स्पर्धेत आपण सत्तावीस वर्षांनी गेलो ते २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकाच्या दिल्लीतल्या फायनलमुळे. ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, त्यातले तीन याचे. २०१९ ला अबुधाबीत थायलंडला ४-१, त्यात याचे दोन.

तुम्ही ब्राझीलवाले. तुमच्या स्ट्रायकरला मागून दहा जण बॉल पुरवतात. आपल्या संघात पुढच्या माणसापर्यंत बॉलच पोचत नाही आणि पोचला तर तो एकटा. उंची जेमतेम १७० सेंटिमीटर, तरी उंच बचावपटूंच्या मधून हेडर मारायचा. जून २००५ मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना खेळला आणि त्यातच पहिला गोल केला. आपल्या हिशोबानं सांगायचं तर २००५ चा महापूर त्यानंतरचा. मग २०१९ चा आला, २०२१ चा आला, पंचगंगा तीनदा गल्लीत येऊन गेली आणि हा खेळतच होता. जून २०२४ मध्ये कोलकात्यात निरोपाच्या सामन्यात कुवेतशी ०-० झाली तेव्हा १५१ सामने आणि ९४ गोल होते. त्या वेळी खेळत असलेल्यांत त्याच्या पुढं फक्त रोनाल्डो आणि मेस्सी. त्यांची बरोबरी होत नाही, हे मीही जाणतो. पण एवढी वर्षं ओझं वाहिलं, ते मोजायचंच नाही का?

आणि आपण काय दिलं त्याला? २०१८ मध्ये मुंबईत चायनीज तैपेईला पाच गोलांनी हरवलं तर बघायला २,५६९ माणसं. पेठेतल्या दोन तालमींच्या टीमची मॅच असली तर त्याच्या कितीतरी पट लोक भिंतीवर चढून बसतात! शेवटी त्यानंच व्हिडिओ करून हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. पुढचा सामना त्याचा शंभरावा होता. अंधेरीचं मैदान मुसळधार पावसात भरलं.

आई, आता तुझ्यासाठी. त्याची आई आणि मावशी जुळ्या बहिणी, दोघी नेपाळच्या महिला संघातून खेळायच्या. हे वाचलं आणि तुझी खो-खोची ढाल आठवली, माळ्यावर जुन्या पातेल्यांमागं पडलेली. मी विचारलं की तू "काय नाही रे" म्हणून उठून जायचीस. छेत्रीनं निवृत्तीचं घरात सांगितलं तेव्हा त्याचे वडील शांत होते, जरा सुटल्यासारखे. आई आणि बायको मात्र रडायलाच लागल्या. आपल्याकडे बाबांनी खेळ सोडला त्या दिवशी काय झालं होतं? मी तेव्हा नव्हतो. आणि तुम्ही दोघंही कधी बोलत नाही.

मार्च २०२५ मध्ये तो परत आला, ते मात्र मला पटलं नाही. चाळिशीतला माणूस लीगमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल करतोय म्हणून त्यालाच बोलवावं लागलं. त्यानं नाही म्हणायला हवं होतं, असं अजून वाटतं. शिलाँगला मालदीववर पंचाण्णवावा गोल मारला. (हो बाबा, मालदीव.) मग ऑक्टोबरात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. गोव्यात, इतक्या जवळ. तुम्हाला घेऊन जायचं मनात होतं, पण गुडघ्याचं निमित्त तुम्ही आधीच तयार ठेवलं असणार म्हणून विचारलंच नाही. ते चुकलं माझं.

डिसेंबरात दहा दिवस येतोय. गुडघ्याची पट्टी आणि मशीनच्या बॅटऱ्या घेऊन येईन. आई, ढाल खाली काढून ठेव. आणि बाबा, स्टेडियमच्या पायऱ्यांचं कारण सांगू नका, आपण खालच्याच रांगेत बसू.

तुमचा,
बंडू